तीन लिटर

"निघताना जाऊन घे."
आईनं दिलेलं पहिलं शहाणपण.
लग्नाला निघताना, परीक्षेला, देवासच्या बसला.
नसली आली तरी जाऊन घे.
अजूनही साडेदहाला मी जाऊन घेते
आणि सीतलामाता बाजारातल्या गादीवर चढते,
रात्री नऊपर्यंत.

फळीवर कोटा साड्यांच्या गठ्ठ्याशेजारी
आमच्या चौघींच्या चार बाटल्या.
सकाळी भरलेल्या, रात्री तशाच भरलेल्या.
पैज लागल्यासारखं कुणी झाकण उघडत नाही,
मे महिन्यातसुद्धा.
ओठ फुटले की व्हॅसलीन.
पोह्यांवर शेव नको, तहान लागते,
हे म्हणते मी, इंदूरमध्ये राहून!

पदर हवेत फेकायचा तो असा
की गिऱ्हाइकाच्या मांडीवर अलगद उतरावा.
दिवसाला शंभर-सव्वाशे वेळा.
आणि ओटीपोटात कुणी गाठ आवळत असतं.
मग नलूबाई माझ्याकडे बघते:
"फॉल लावून आणतेस का?"
म्हणजे ते.
राजवाड्यामागे आहे एक. नाव सुलभ.
जायला नऊ मिनिटं, यायला नऊ,
मध्ये रांग, सुटे पैसे, तुटकी कडी,
परतल्यावर सेठजींचं
माझ्याकडे नाही, घड्याळाकडे बघणं.
पाळीच्या दिवसांत सकाळचीच घडी रात्रीपर्यंत.
त्याचं सांगत नाही.

शहर स्वच्छ आहे आमचं.
सकाळी कचऱ्याची गाडी गात येते,
ओला वेगळा, सुका वेगळा,
मी नेमानं वेगळा करते.

तिसऱ्यांदा जळजळ झाली तेव्हा
थंडी भरून आली, पाठ कंबरेवर मोडली.
एमवायच्या ओपीडीत पोरसवदा डॉक्टरीण.
"पाणी किती पिता?"
मी हसले. ती नाही हसली.
"दाबून धरता? किती वर्षं?"
सतरा.
"वर मूत्रपिंडापर्यंत चढलंय.
गोळ्या पुऱ्या संपवा, बरं वाटलं म्हणून सोडू नका.
दिवसाला तीन लिटर पाणी.
दर तीन तासांनी जायचं, घाई न करता."
लिहिता लिहिता पेन थांबलं:
"पण जाता कुठे?"
सतरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
रडू आलं, इतक्या साध्या प्रश्नाला.

मग एक दिवस उज्जैनची नवरीची आई
सात साड्या बाजूला काढून कानात म्हणाली, जाना है.
सेठजी उभेच राहिले. गल्ला उघडला.
"बहनजी, ये लीजिए. ऊपर, तीसरी मंज़िल."
पितळी चावी, गणपतीच्या छल्ल्यातली.
मीच घेऊन गेले तिला.
दाराबाहेर तिची पर्स धरून उभी होते,
आत नळ सोडल्याचा आवाज.
पांढऱ्या फरशा, निळी बादली,
माझ्या डोक्यावर सतरा वर्षं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरचा कागद
मी सेठजींपुढे ठेवला, बिलांच्या गठ्ठ्यावर.
कान लाल झाले त्यांचे.
"मुझे क्यों दिखा रही हो?"
म्हटलं, इसमें तीन लिटर लिखा है, सेठजी.
कहाँ रखूँ?
नलूबाईनं हातातली साडी खाली ठेवली.
बाकीच्या दोघींनीही.
पंख्याचा आवाज तेवढा.

आता चावी मीटरच्या खिळ्याला असते,
लाल काठाची चिंधी बांधून.
लग्नसराईत गर्दी असली की अजून तोंड वाकडं करतात,
एकदा तर चावी "हरवली" दोन दिवस.
आम्ही दुसरी करून घेतली. चौघींनी मिळून, साठ रुपयांत.

बाटली दुपारी दोनला रिकामी होते, मग परत भरते.
नवी आलेली विशाखा, एकोणीस वर्षांची,
तिची मात्र भरलेलीच.
"तहान लागत नाही हो काकू."
लागत नाही कशी,
विसरलीय.
मी झाकण उघडून बाटली तिच्या हातात देते,
आणि ती पीत असताना
तिच्या गळ्याकडे बघत उभी राहते.
एक घोट.
अजून एक.